दादाचा दीड स्टार

अंबरनाथ पूर्व,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
पद्मजाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुझा खोकला गेला असेल असं धरून चालते. दिवाळीच्या फोनवर तू दोनदा खोकलास आणि दोन्ही वेळा 'काही नाही' म्हणालास. समीर बरे आहेत, अजून रोज ठाण्याला जातात, रिटायर व्हायचं नाव काढत नाहीत. सोसायटीत रंगकाम चालू आहे, जिन्यात बांबू बांधलेत आणि सगळ्यांच्या चपलांवर पांढरे ठिपके. बाबाही बरे आहेत.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि मी पुढचं विसरते. शिवाय आमच्याकडे रेंज फक्त हॉलमध्ये येते आणि हॉलमध्ये बाबा बसलेले असतात.

रविवारी तुझं परीक्षण वाचलं. त्याबद्दल लिहायला बसलेले नाही. पण तो सिनेमा आमच्या अंबरनाथचा, त्यातल्या अर्ध्या लोकांना मी ओळखते, त्यामुळे त्यावर चार ओळी लिहिल्याशिवाय मला बाकीचं सुचणार नाही.

'मीठ बेताचं' हा सिनेमा करणारा हरेश माझा विद्यार्थी. उल्हासनगरच्या शाळेत मी मराठी शिकवायचे तेव्हा तो माझ्या वर्गात होता. घरी सिंधी, बाजारात हिंदी, मराठी फक्त माझ्या तासाला. व्याकरणात गटांगळ्या खायचा आणि निबंधात सगळ्यांना हसवायचा. 'माझे आजोबा' या निबंधात त्याने लिहिलं होतं, 'आजोबा माझ्यावर प्रेम करतात पण ते मला सांगत नाहीत, मी आईकडून ऐकले.' तेवढ्यावर मी त्याला पास केलं. आता तो लग्नांचं शूटिंग करतो, आणि उल्हासनगरात लग्नांना तोटा नाही. दोनएक वर्षांपूर्वी घरी आला आणि म्हणाला, "टीचर, शादी में सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतात. कॅमेरा हटवला ना, की असली चेहरा येतो. मला तो पकडायचाय." त्याला सिनेमा करायचा होता आणि त्यासाठी गोष्ट हवी होती. ती त्याला मिळाली.

शूटिंग आमच्याच बिल्डिंगमध्ये झालं, बरंचसं आमच्याच स्वयंपाकघरात. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले, त्यानंतर तू या घरात आलेलाच नाहीस, म्हणून ओळखलं नसशील. शेजाऱ्यांची कामं शेजाऱ्यांनीच केली. भाजीवालीचं काम आमच्या गयाबाईने केलं, ती खरोखरच वांगणीच्या पुढून भाजी घेऊन येते. तिला संवाद दिले होते, ते तिने ऐकून घेतले आणि कॅमेरा सुरू झाल्यावर स्वतःचेच म्हटले. "या म्हाताऱ्याचं जेवान कुत्रा पन खायाचा नाय," हे तिचं. थिएटरात सगळ्यात मोठा हशा त्यालाच पिकतो.

आणि अप्पांचं, म्हणजे सिनेमातल्या बापाचं, मुख्य काम करणारा धोंडिबा. तो बुवापाड्याचा. बाबांच्या मोरिवलीच्या कारखान्यात गेटवर वॉचमन होता, गणपतीत नकला करायचा. तू लिहिलंस की धोंडिबांची चाल ही या सिनेमातली एकमेव खरी गोष्ट आहे. हात मागे, मान ताठ, आणि पायरी आली की क्षणभर थांबायचं, जसं काही पायरीनेच आधी गुड मॉर्निंग म्हणायला हवं. दादा, ती चाल तुला कुठे पाहिल्यासारखी वाटली नाही का? धोंडिबाने ती वर्षानुवर्षं गेटवरून पाहिली आहे.

बाकीच्यांनी चांगलं लिहिलं. एका इंग्रजी पेपराने साडेतीन स्टार दिले. गोव्याच्या एका महोत्सवात लोक उठून उभे राहिले म्हणे. एका मुलीने लिहिलं की सिनेमा बघून तिने बाहेर येऊन पहिला फोन वडिलांना केला. उल्हासनगरच्या थिएटरात तो एक आठवडा टिकला, बदलापूरला दोन. हरेश रोज नवीन परीक्षण मला पाठवायचा आणि खाली विचारायचा, "सरांचं आलं?" सर म्हणजे तू. माझा भाऊ सिनेमावर लिहितो हे मी वर्गात सांगून ठेवलेलं होतं. त्यांच्यापैकी कुणीही तुझं वाचत नव्हतं, एकटा हरेश वाचायचा.

मग सरांचं आलं. दीड स्टार.

तू लिहिलेलं तुलाच उतरवून देणं बरं दिसत नाही, पण देते. 'या सिनेमात नावापुरतंच मीठ आहे, बाकी सगळी साखर. रुसून गेलेला मुलगा पेपरात पाककृती लिहितो आणि बाप दर रविवारी त्या गुपचूप करून बघतो, ही कल्पना गोड आहे आणि तोच तिचा दोष आहे. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी म्हणून आयुष्य काढलेला माणूस असं वागत नाही. मी त्या गावात वाढलो आहे. तिथले बाप मला ठाऊक आहेत. आणि असा माणूस शेवटी मुलासमोर दहा मिनिटं मन मोकळं करतो, हे तर अशक्यच. कथा "शेजारीण" यांची आहे असं पडद्यावर दिसतं. शेजारणीने वाटीभर साखर द्यावी, सिनेमा लिहू नये.'

हरेशला मी फोन केला. तो एका हळदीच्या शूटिंगला होता, मागे ढोल वाजत होता. म्हणाला, "टीचर, बाकी लोकांनी तारीफ केली, पण सरांनी पूरा देखा. ते साखर बोलले तर असेल साखर." आवाजात राग नव्हता. पण गेल्या आठवड्यापर्यंत तो रोज पुढच्या सिनेमाचं बोलायचा, त्यानंतर एकदाही बोललेला नाही. परवा कॅमेऱ्याची एक लेन्स विकायला काढली असं त्याच्या आईकडून कळलं.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. शेजारीण म्हणजे मी.

नाव का दिलं नाही, हे तू विचारशील. एक तर साठीला टेकलेल्या बाईने पहिल्यांदा काही लिहायचं आणि ते थेट पडद्यावर, याची मला लाज वाटत होती. दुसरं म्हणजे तू. माझं नाव वाचलं असतंस तर तू परीक्षणच लिहिलं नसतंस आणि मला ते हवं होतं. तू काय म्हणतोस ते, मी कोण हे माहीत नसताना. ते मिळालं. दोन दिवस भांडी जोरात आपटली, आता बरी आहे. 'वाटीभर साखर' हे चांगलं लिहिलंयस, चिडूनसुद्धा मला हसू आलं.

पण एका बाबतीत तू चुकलास. शेवट लांबला असेल, सिनेमा गोड झाला असेल, ते मी मान्य करीन. तसा बाप नसतो, हे मान्य करणार नाही. कारण मी तो रचलेला नाही.

बाबांनी मला शपथ घातली होती, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही. ती आज मोडते.

ते आमच्याकडे राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमचे वडील एकटेच सिनेमाला जातात का?" उल्हासनगरच्या थिएटरात दुपारच्या खेळाला बाईंनी त्यांना पाहिलं होतं. अख्ख्या थिएटरात चार माणसं, त्यात विष्णुपंत, मांडीवर छत्री आडवी धरून. आपले बाबा, दादा. जे आईबरोबर उभ्या आयुष्यात कधी सिनेमाला गेले नाहीत, ती शेजारणींबरोबर जायची. मी घरी येऊन विचारलं तर म्हणाले, लायब्ररीत गेलो होतो. मग जेवताना आपणहून म्हणाले, "तुझ्या भावाला काही कळत नाही. त्या सिनेमात कॅमेरा सारखा हलतो आणि हा म्हणतो, श्वास घेतो."

तेव्हा मला उलगडलं. तू रविवारी ज्याच्यावर लिहायचास तो सिनेमा ते त्या आठवड्यात बघून यायचे. इकडे लागला नसेल तर कल्याणला, नाहीतर ठाण्याला. तू नावाजलेले आणि तू झोडपलेले, दोन्ही. एकदा कोरियन का कुठल्याशा भाषेतला होता, खालच्या इंग्रजी ओळी वाचून वाचून डोकं धरून आले. परत आले की दोन दिवस तुझ्याशी भांडत घरभर फिरायचे, तू नसताना. मी एकदा वैतागून म्हटलं, आवडत नाहीत तर जाता कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी फार बावळट प्रश्न विचारला.

"त्याने पाहिलाय ना," ते म्हणाले.

हे मी कुणाला सांगायचं? तुला सांगायचं नाही अशी शपथ. समीरना सांगून झालं. मग हरेश गोष्ट मागायला आला आणि मी ती त्याला दिली. परीक्षणाच्या जागी पाककृती घातल्या, कारण नाहीतर तू पहिल्याच दृश्यात ओळखलं असतंस, आणि बाबांनीही.

बाबांनी ओळखलंच. सोसायटीच्या लोकांसाठी खेळ ठेवला होता तेव्हा ते माझ्या शेजारी बसले होते. घरी आल्यावर एवढंच म्हणाले की, त्या माणसाने आमटीत कोकम आधी घातलं, ते चूक आहे.

तुझं परीक्षण मी त्यांना वाचून दाखवलं. हल्ली पेपर मीच वाचून दाखवते, दोघांना सवय झालीय. मधली दोन वाक्यं मी गाळली. 'मी त्या गावात वाढलो आहे. तिथले बाप मला ठाऊक आहेत.' ती दोन. बाबांनी हात वर केला. म्हणाले, "काहीतरी राहिलं. तो असं तुटक लिहीत नाही." मग वाचावं लागलं.

खाली रंगाऱ्यांचा रेडिओ चालू होता. मग म्हणाले, "बरोबर लिहिलंय. त्याला मी तेवढाच ठाऊक आहे." आणि थोड्या वेळाने, "शेवट लांब आहे, हे मात्र त्याचं खरं आहे."

तू ये असं मी म्हणत नाही. आईच्या तेराव्याला बाबा पाहुण्यांसमोर तुला जे बोलले ते मी ऐकलं आहे, आणि तू त्यानंतर का आला नाहीस हे मला कुणी समजावून सांगायला नको. परीक्षणही मागे घेऊ नकोस. बाबांना ते अजिबात आवडणार नाही. फक्त तुला ठाऊक असलेल्या बापात एवढी भर घाल, म्हणून लिहिलं.

खोकल्यावर ज्येष्ठमध घे.

तुझी बहीण, जिची साखर तू परत पाठवलीस,
पद्मजा


अंबरनाथ पूर्व,
५ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तू सुखरूप पोचल्याचं तेव्हाच कळलं, पत्राला मात्र महिना लागला. इथे आता थंडी आहे, बाबा कानटोपी घालतात आणि कुणी आलं की काढतात. रंगकाम संपलं एकदाचं.

जाताना तू जिन्यात विचारलंस, एवढं सगळं लिहिलंस, मग तेच का नाही लिहिलंस? त्याचं उत्तर आता देते.

डिसेंबरातल्या त्या पहिल्या शनिवारी तू न कळवता आलास. मी दार उघडलं आणि माझ्या हाताला कणीक होती, म्हणून तुला धड हातही लावता आला नाही. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. तू उंबऱ्यातूनच 'बाबा' म्हणालास. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि मग तुझ्या डोळ्यांदेखत तोंड भिंतीकडे फिरवलं.

तू पुढे बघत होतास, मी तुझ्याकडे बघत होते. आईच्या तेराव्याला ते म्हणाले होते, "दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून पोट भरतो, हा माझा मुलगा." तेव्हा तुझा जसा चेहरा झाला होता तसाच याही वेळी झाला. बॅग तू खांद्यावरून उतरवलीच नव्हतीस. मला 'येतो' म्हणालास आणि जिन्याकडे वळलास.

मी लिहिलं नाही, कारण बाबांनी बजावलं होतं. डोळ्यांचं नरेंद्रला कळवायचं नाही. आंधळ्या बापाला बघायला म्हणून त्याने यायला नको. बाकीची शपथ मी मोडली आणि ही पाळली, कारण मला वाटलं त्यांचा तेवढा मान राखावा. म्हणून 'बाबा बरे आहेत' असं एका ओळीत लिहून मोकळी झाले. त्यांचा तो मान राखायला गेले आणि तू जिन्यात पोचलास.

"दादा, त्यांना समोरचं दिसत नाही," मी वरून ओरडले. "मधोमध सगळं काळं आहे. तुला बघायचं तर त्यांना तोंड फिरवावंच लागतं."

तू खालच्या वळणावर कठडा धरून उभा राहिलास. कठड्याचा ओला रंग तुझ्या हाताला लागला, तो नंतर मी रॉकेलने काढला. तू वर आलास, आत आलास. बाबा अजूनही भिंतीकडे तोंड करून डोळ्याच्या कोपऱ्यातून दार शोधत होते.

"जरा डावीकडे सरक," ते म्हणाले.

तू सरकलास.

"अजून."

तू टीव्हीच्या टेबलाला टेकेपर्यंत सरकलास. ते बघत राहिले. मी कणकेचे हात तसेच धरून उभी. मला वाटलं, आता बोलतील, आता काहीतरी बोलतील.

"टक्कल पडलंय तुला," बाबा म्हणाले.

आणि तू म्हणालास, "तुमच्याकडूनच आलंय."

झालं. एवढंच. मग तू बॅग उतरवलीस आणि मी आत जाऊन पोळ्या केल्या आणि त्यातल्या पहिल्या दोन करपल्या.

जेवताना तुम्ही दोघं सिनेमावर बोललात. ते मी सोसलं. पण माझ्या घरात, माझ्या हातची आमटी ओरपत, माझ्याच समोर तुम्ही ठरवलंत की अप्पांचं शेवटचं बोलणं सगळं कापायला हवं. बाबा म्हणाले, तो माणूस एक शब्द बोलणार नाही. तू म्हणालास, मी तेच लिहिलं होतं. बाबा म्हणाले, लिहिलं होतंस, पण दीड स्टार कमी होते. तू म्हणालास, उगाच द्यायला ते काय प्रसाद आहेत? बाबा हसले, दादा. मला त्यांचं हसणं शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. इतक्या वर्षांत तुमचं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं आणि ती गोष्ट कोणती, तर बापाने काही बोलू नये.

मी तेव्हा ताक आणायला म्हणून उठले, ताक टेबलावरच होतं.

तो शेवट मी का लिहिला ते तुम्ही दोघांनीही विचारलं नाहीत. आपल्या घरात कुणी कुणाला कधी काही सांगितलंच नाही. आई गेली त्या दिवशी तू मागच्या खोलीत रडलास, बाबा पुढच्या खोलीत, आणि मी मधल्या पॅसेजमध्ये उभी होते. कुठल्या दारात जावं ते मला कळत नव्हतं. कुणी हाकही मारली नाही. तेव्हापासून माझ्या मनात होतं की एकाने तरी तोंड उघडावं. घरात नाही तर पडद्यावर. तसं होत नसतं हे लिहिताना मलाही ठाऊक होतं. धोंडिबा ते बोलत होता आणि कॅमेऱ्यामागे मी एकटी रडत होते. हरेशला वाटलं सीन फार छान झाला.

दुसऱ्या दिवशी तू उल्हासनगरला त्याच्याकडे गेलास, त्याबद्दल मात्र मी तुझी ऋणी आहे. मला त्याने सगळं सांगितलं. त्याच्या वडिलांनी तुला आल्या आल्या पापड आणि पाणी दिलं, मग चहा, मग जेवण, आणि तू अर्धा दिवस त्या कॉम्प्युटरपुढे बसून त्याला चुका दाखवत राहिलास. "टीचर, सरांनी इतनी गलती निकाली, इतनी गलती निकाली, मजा आ गया," असं म्हणाला. लेन्स विकली नाही.

त्याने शेवट कापला. परवा बदलापूरला एका लायब्ररीच्या हॉलमध्ये नव्या शेवटाचा सिनेमा दाखवला, समीर आणि मी गेलो होतो. आता मुलगा येतो, पाटावर बसतो, अप्पा वाढतात. मुलगा एक घास खातो आणि थांबतो. अप्पा मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवतात आणि पंख्याचं बटण एकने वाढवतात. बस. टाळ्या वाजल्या. माझ्या पुढे बसलेल्या बाईंनी डोळे पुसले. धोंडिबा फक्त रागावला, त्याचं सगळं पाठांतर वाया गेलं म्हणून.

तुमचं बरोबर असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे असेलच. मला अजून पटलेलं नाही. मला तो बोलणाराच हवा होता. पण हरेशने आता दुसरी गोष्ट मागितली आहे आणि मी हो म्हणाले आहे. यावेळी माझं नाव मोठ्या अक्षरात घालायला सांगितलंय. तीत माणसं बोलतील. तुला किती स्टार द्यायचेत ते दे.

बाबांचं सांगते. डॉक्टरांकडे गेल्या मंगळवारी जाऊन आलो. उजवा डोळा आता फक्त उजेड सांगतो. डावा कडेकडेने बघतो आणि तसं बघत राहील, पूर्ण अंधार होणार नाही असं म्हणाले. एवढं चांगलं आहे. पेपर नाही, चेहरा नाही, पण दारात कुणी उभं राहिलं तर कोण ते कळतं. पुढच्या खेपेला आलास की त्यांना थिएटरात घेऊन जा. अगदी कडेची खुर्ची लागते, तिथून पडदा तिरका बघतात आणि जे सुटेल ते शेजारच्याने कानात सांगायचं. हे काम मी वर्षभर केलं. मला काही सगळं सांगता येत नाही, मी रडायला लागते आणि ते 'पुढे काय, पुढे काय' करत बसतात.

आणि हे जे तू शनिवारी संध्याकाळी फोन करून परीक्षण छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवतोस, ते सोडू नकोस. दुपारपासून ते हॉलमधला फोन हाताने चाचपून बघतात, चार्ज आहे ना, आवाज मोठा आहे ना. तू वाचतोस तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि मी स्वयंपाकघरात असते. कालचं पण ऐकलं. तू 'दिग्दर्शकाची पकड सुटते' म्हणालास आणि बाबा म्हणाले, "पकड होती कुठे?" आणि तू थांबलास, आणि मला पेनाचा आवाज आला. तू ते लिहून घेतलंस ना? आज सकाळी छापून आलंय, तुझ्या नावावर. मी त्यांना ते वाचून दाखवलं. दुपारी समीर आले तर त्यांना म्हणाले, "तिला सांगा, तो तिसरा परिच्छेद पुन्हा वाचायला."

आत्ता मी हे लिहितेय आणि ते विचारतायत, कुणाला. तुझं नाव सांगितलं. म्हणाले, त्याला लिहिण्यासारखं काय आहे, शनिवारी बोलणारच आहे. मग खुर्चीतून उठले, भिंतीला हात लावत माझ्या टेबलापाशी आले आणि मान वाकडी करून कागदाकडे बघत उभे राहिले. अक्षरं त्यांना दिसत नाहीत. तरी उभे आहेत.

तुझी वाट बघणारी,
आणि त्यांना न विचारता त्यांच्याही वतीने,
पद्मजा